ट्रेंडलाइन कशी ओढावी आणि ती मोडली की काय करावं (सांगलीकरांचा धागा, बाकीच्यांचंही स्वागत)

इर्विनकाठ | रविवार, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी,

'शेअर बाजारात नवीन आहे' या धाग्यावर गेल्या आठवड्यात तिघांनी एकच गोष्ट विचारली, की चार्टवर रेषा ओढून खरेदी-विक्रीची वेळ ठरवता येते का. तिथं दोन ओळींत उरकण्यासारखं उत्तर नव्हतं म्हणून हा वेगळा धागा.

आमचं गणपती पेठेत हळदीचं दुकान. आजोबांची एक वही अजून गल्ल्याच्या खाली आहे. त्यात रोजच्या सौद्यातला राजापुरी हळकुंडाचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा भाव लिहिलेला आहे, हंगामागून हंगाम. ते चार्ट काढत नव्हते, पण वहीत बोट फिरवत म्हणायचे, "खालचा भाव वर सरकायला लागलाय, आता विकायची घाई करू नका." मी शेअर बाजारात आलो तेव्हा कळलं, की चढत्या कलाची व्याख्या हीच आहे. भाव सरळ कधीच चढत नाही. चढतो, मागे येतो, परत चढतो. मागे येऊन थांबण्याची जागा प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा वर असेल तर कल चढता. चार्ल्स डाउ यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमधल्या अग्रलेखांतून शे-सव्वाशे वर्षांपूर्वी मांडलेल्या विचाराचं सारही जवळपास एवढंच.

त्या थांबलेल्या जागा जोडल्या की ट्रेंडलाइन. कुठल्याही दोन बिंदूंतून रेघ जातेच, त्यामुळे दोन बिंदूंवर मी काही ठरवत नाही. भाव तिसऱ्यांदा त्या रेघेपाशी येऊन वर उचलला गेला तरच ती रेघ कामाची धरतो. मी आठवड्याचा चार्ट वापरतो. पाच मिनिटांच्या चार्टवर रेघा शेकडो निघतात आणि दुपारपर्यंत मोडतात. ओढताना कँडलची (चार्टवरची एका आठवड्याची उभी पट्टी) खालची वात, म्हणजे त्या आठवड्याचा सगळ्यात खालचा भाव, धरतो, पण मोडली की नाही हे शुक्रवारच्या बंद भावावरच ठरवतो. मधे बुधवारी भाव रेघेखाली डोकावून आला तर येऊ दे.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. भाव कुठं जाणार हे रेघ सांगत नाही. आपला अंदाज कुठल्या भावाला चुकीचा ठरतो, तेवढं ती सांगते. आणि माझ्या मते ते खूप झालं.

सांगलीकरांना हे समजवायला दुसरीकडं जायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ४० फूट झालं म्हणजे पूर येणारच असं कुणी म्हणत नाही. कित्येकदा पाणी ४१ ला टेकून उतरतं. तरी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरची माणसं ४० ला सामान उचलतात, कारण ते आधीच ठरलेलं आहे. पाणी दारात आल्यावर कुणी चर्चा करत बसत नाही.

आमच्या दुकानात २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पोती त्या खुणेच्या हातभर वर फळ्या टाकून रचली आणि निर्धास्त झालो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. खूण पाण्याखाली, फळ्या पाण्याखाली, हळद पाण्याखाली. जुनी उच्चांकी पातळी म्हणजे भिंत नसते, तीही ओलांडली जाते, हे मी चार्टच्या आधी तिथं शिकलो.

आणि तरीही पुढच्याच वर्षी तीच चूक केली. एका बँकेचे ३०० शेअर ५१० ला घेतले होते. आठवड्याच्या चार्टवर चांगली चार टेकणांची रेघ, ती त्या वेळी ५४५ ला होती. २८ फेब्रुवारी २०२० चा शुक्रवार. निफ्टी (पन्नास मोठ्या शेअरांचा निर्देशांक) ११,२०१ ला बंद झाला, माझा शेअर ५३८ ला. रेघ मोडली होती. मी काय केलं, तर माउसनं रेघेचं एक टोक धरून खालच्या वातीला टेकवलं. रेघ परत शाबूत. पुढच्या आठवड्यात परत तेच. २४ मार्चला निफ्टीनं ७,५११ चा तळ दाखवला त्या दिवशी माझा धीर सुटला आणि ३१८ ला सगळं विकलं. रेघ पाळली असती तर आठेक हजार घेऊन बाहेर पडलो असतो. प्रत्यक्षात ५७,६०० गेले. त्या चार आठवड्यांत माझ्या चार्टवर एकही रेघ मोडलेली नव्हती, कारण मी मोडूच दिली नाही.

तेव्हापासून खरेदीच्या दिवशीच रेघ ओढतो, चार्टचं चित्र छापून तारीख टाकून फायलीत लावतो. पेनानं ओढलेली रेघ सरकवता येत नाही.

किती शेअर घ्यायचे हेही रेघेवरूनच निघतं. समजा भांडवल ५ लाख. एका सौद्यात १ टक्क्यापेक्षा जास्त, म्हणजे ५,००० च्या वर घालवायचे नाहीत. भाव ४१२, रेघ ३९८ ला, तिच्या थोडं खाली ३९४ ला मी चुकलो असं मानणार. फरक १८ रुपये. ५,००० भागिले १८, म्हणजे २७७ शेअर, सुमारे १ लाख १४ हजारांचे. फरक ४० रुपयांचा असता तर फक्त १२५. बहुतेक जण उलटं करतात. आधी 'एक लाखाचे घेऊ' ठरवतात आणि नंतर कुठं बाहेर पडायचं ते शोधतात.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतं तर जरूर लिहा.

---

भडंग_आणि_चहा | रविवार, सकाळी ८:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). पुलाचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. आम्ही तेव्हा काकानगरमध्ये राहत होतो.

---

संख्यारेखा | रविवार, सकाळी १०:०२

इर्विनकाठ, लेख प्रामाणिक आहे म्हणून मनापासून विरोध नोंदवते. मी सांगलीत कॉलेजला संख्याशास्त्र शिकवते.

दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक प्रयोग करते. प्रत्येकानं रुपयाचं नाणं शंभर वेळा उडवायचं. १०० पासून सुरुवात, छापा आला तर एकानं वर, काटा आला तर एकानं खाली. आलेखाच्या कागदावर बिंदू जोडायचे. मग चाळीसच्या चाळीस कागद फळ्यावर लावायचे. त्यात सुंदर चढते कल असतात, तीन-तीन टेकणांच्या रेघा असतात, डोकं-खांद्यांची आकृतीही (मधे उंच, दोन्ही बाजूंना ठेंगणी शिखरं) सापडते. एका वर्षी शेअरचा नाद असलेल्या सहकाऱ्यांना बोलावलं आणि काही न सांगता विचारलं, यातले कुठले घ्याल? त्यांनी सात कागद काढून दिले आणि कारणंही सांगितली. शिकागो विद्यापीठातल्या हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ मध्ये असंच यादृच्छिक आकड्यांचे आलेख काढून दाखवले होते, ते खऱ्या बाजाराच्या आलेखांसारखेच दिसत होते. डोळ्याला आकार दिसणं हा पुरावा होत नाही.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. तुम्ही म्हणता की रेघ भाकीत करत नाही, फक्त चूक दाखवते. मान्य. पण भाव खरोखर नाण्यासारखा चालत असेल तर कुठंही बाहेर पडा, सरासरी नफा शून्यच राहतो. वरून दलाली आणि कर जातात. तोट्याचा आकार बदलतो, नशीब बदलत नाही. मग नफा येतो कुठून, हे तुमच्या लेखात नाही.

---

इर्विनकाठ | रविवार, सकाळी ११:३०

ताई, प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. खरंच लेखात ते नाही. थोडा विचार करून लिहितो.

---

आमराई | रविवार, दुपारी १:१०

संख्यारेखा यांच्या प्रश्नावर मला माहीत आहे तेवढं लिहितो. निवृत्तीनंतर हाच अभ्यास चालू आहे.

दोन्ही बाजूंनी पुरावा आहे. युजीन फामा यांनी १९७० मध्ये मांडलं, की भावात माहिती आधीच उतरलेली असते, त्यामुळे जुन्या भावांवरून पुढचं काढता येत नाही. त्यांना २०१३ मध्ये नोबेल मिळालं. पण १९९२ मध्ये ब्रॉक, लाकोनिशोक आणि लेबॅरॉन यांनी अमेरिकेतल्या डाउ निर्देशांकाच्या १८९७ ते १९८६ च्या भावांवर मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (मागच्या काही दिवसांची सरकती सरासरी) आणि पातळी तोडण्याचे साधे नियम तपासले, आणि त्यांना त्यात दम दिसला. पुढे १९९९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं, की हजारो नियम चाळून निवडलेला सर्वांत चांगला नियम नंतरच्या दहा वर्षांत टिकला नाही. म्हणजे चाळणीच फसवते. पुष्कळ नियम तपासले की एखादा नशिबानंच बरोबर निघतो.

टिकलं ते काय? १९९३ मध्ये जेगदीश आणि टिटमन यांनी दाखवलेला मोमेंटम. मागच्या तीन ते बारा महिन्यांत इतरांपेक्षा जास्त चढलेले शेअर पुढचे काही महिने, सरासरीनं, इतरांपेक्षा बरे चालतात. नंतर अनेक देशांत ते तपासलं गेलं. यात 'सरासरीनं' या शब्दावर सगळा भार आहे. एखाद्या शेअरची हमी नाही आणि अधूनमधून हा परिणाम जोरात उलटतोही.

माझं मत असं. रेघेत स्वतःची काही ताकद नाही. चढत्या रेघेवर टिकून राहिलेला शेअर हा बहुतेक वेळा मोमेंटमवाला शेअर असतो, आणि जे काही मिळतं ते त्याचं.

---

इर्विनकाठ | रविवार, दुपारी ४:४५

आमराई काका, मला जे शब्दांत मांडता येत नव्हतं ते तुम्ही मांडलंत. ताई, माझी वही काढून बसलो होतो. २०२० च्या एप्रिलपासूनचे १४१ सौदे आहेत. नफ्यात ५४, तोट्यात ८७. म्हणजे माझी रेघ नाण्यापेक्षाही वाईट भाकीत करते. पण तोट्यातला सरासरी सौदा ३,९०० चा आणि नफ्यातला ११,२०० चा. खर्च आणि कर जाऊन हाती उरलं ते मुदत ठेवीपेक्षा बरं, पण याच काळात नुसता निफ्टीचा इंडेक्स फंड घेऊन बसलो असतो तर जवळपास तेवढंच मिळालं असतं, हेही लिहायला हवं. आणि १४१ चा नमुना पुरेसा नाही हे तुम्ही म्हणणार, तेही मान्य.

---

संख्यारेखा | रविवार, सायं. ५:२०

तोट्याचे ८७ उघड लिहिणारा माणूस पहिल्यांदा भेटला. तुमचं शेवटचं वाक्य माझ्या मुलांना वर्गात वाचून दाखवते.

---

गलाईवाला | रविवार, रात्री ९:०५

मूळ गाव विट्याजवळ, गेली बावीस वर्षं गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात राज्याबाहेर. रात्री भट्टी बंद झाली की हा धागा वाचतोय.

मी रेघा पंधरा मिनिटांच्या चार्टवर ओढायचो आणि ऑप्शन (ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावानं घेण्या-विकण्याचा हक्क) घ्यायचो. चार वर्षांत किती गेले तो आकडा इथं लिहीत नाही, घरी सांगितलाय, तेवढं पुरे. माझ्यासारख्या नव्या पोरांसाठी सेबीचा (शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाचा) आकडा मात्र लिहितो. सप्टेंबर २०२४ च्या अहवालात आहे, की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या १ कोटीहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. त्याच वर्षीच्या जुलैमधल्या दुसऱ्या अहवालात रोखीच्या बाजारातलं इंट्राडेही (त्याच दिवशी घेऊन विकणं) आहे, २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जण तोट्यात.

ऑप्शनमध्ये रेघ बरोबर आली तरी पैसे जातात हे मला फार उशिरा कळलं. भाव तिथंच घुटमळला की प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, रोज वितळतो. सोनं मुशीत वितळताना निदान वजन तेवढंच राहतं. दिशा बरोबर, वेळ चुकली, संपलं. आता फक्त रोखीत शेअर, आठवड्याचा चार्ट, आणि महिन्याला दोन-तीनच सौदे.

---

भडंग_आणि_चहा | रविवार, रात्री ९:४०

गलाईवाला दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. घरी सांगितलंत ही सगळ्यात मोठी गोष्ट.

---

मिरज_तंबोरा | सोमवार, सकाळी ६:५५

रेघ ओढण्याबद्दल दोन तांत्रिक गोष्टी राहिल्या. लोक इथंच फसतात.

एक, मापनपट्टी. साध्या पट्टीवर १०० ते २०० आणि २०० ते ३०० ही अंतरं सारखी दिसतात. पण पहिल्यात पैसे दुप्पट झाले, दुसऱ्यात दीडपट. दोन-तीन वर्षांत तिप्पट-चौपट झालेल्या शेअरवर साध्या पट्टीवरची रेघ आणि लॉग पट्टीवरची (जिथं सारख्या टक्क्यांना सारखं अंतर) रेघ वेगवेगळ्या ठिकाणी मोडतात. मी दोन-चार महिन्यांसाठी साधी पट्टी वापरतो, वर्षाच्या वर गेलं की लॉग. दोन्हीतली सोयीची निवडायची नाही.

दोन, बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर), स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) आणि मोठा लाभांश. एकास एक बोनस असेल तर त्या दिवशी भाव निम्मा होतो. चार्ट सुधारलेल्या भावांचा नसेल तर रेघ धाडकन मोडलेली दिसते. माझ्या मेहुण्यांनी याच कारणानं एक चांगला शेअर घाबरून विकला. बोनसचे शेअर खात्यात जमा व्हायला एक-दोन दिवस जातात, त्या मधल्या काळात खातं निम्मं झाल्यासारखं दिसतं. हातानं कागदावर रेघ ओढणाऱ्यांनी, इर्विनकाठ, तुम्हीसुद्धा, बोनस झाला की छापलेला कागद बाद धरून सगळे जुने आकडे निम्मे करून नवा काढावा.

आणि व्हॉल्यूम बघा. रेघ मोडली त्या आठवड्यात उलाढाल नेहमीची की दुप्पट-तिप्पट? एनएसईच्या संकेतस्थळावर रोजच्या व्यवहारांपैकी किती टक्के डिलिव्हरी झाली (त्याच दिवशी न विकता शेअर खात्यात घेतले) तेही फुकट मिळतं. सणाच्या आठवड्यात कमी उलाढालीत मोडलेल्या रेघेवर माझा कमी विश्वास.

---

इर्विनकाठ | सोमवार, सकाळी ७:३०

बोनसचं बरोबर. माझ्या फायलीत असे तीन कागद आहेत, तिन्ही नव्यानं काढले.

व्हॉल्यूमबद्दल मात्र थोडा मतभेद. चढताना व्हॉल्यूम हवा हे मान्य. पडताना तो लागतोच असं नाही, घेणारे नुसते बाजूला झाले तरी भाव आपल्या वजनानं खाली येतो. हळदीच्या सौद्यात बघा, ज्या दिवशी व्यापारी बोलीच लावत नाहीत त्या दिवशी वकल (मालाचे ढीग) कमी विकले जातात, पण भाव पडलेलाच असतो.

---

नवखा_इस्लामपूर | सोमवार, सकाळी ९:१०

सर खूप छान माहिती. सध्या रेषेवर टेकलेले दोन-तीन चांगले शेअर सांगा ना. आरएसआय ३० च्या खाली आलेला घेऊ का?

---

इर्विनकाठ | सोमवार, दुपारी १२:१५

सर नको, दादा म्हणा. नाव मी सांगणार नाही. मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही. २०२५ च्या जानेवारीत सेबीनं स्पष्ट केलं होतं, की फक्त शिकवणाऱ्या माणसानं मागच्या तीन महिन्यांचे भाव वापरून शेअरबद्दल बोलू नये. तो नियम मला पटतो. टेलिग्रामवर तुम्हाला कुणी नाव आणि भाव दोन्ही देत असेल तर आधी त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर ताडून बघा.

आरएसआय हे वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं माप. मागच्या १४ दिवसांत चढणं किती आणि पडणं किती यांचं गुणोत्तर, ० ते १०० मध्ये बसवलेलं. ३० च्या खाली म्हणजे अलीकडे खूप पडला, एवढाच अर्थ. 'आता चढणार' असा अर्थ त्यात नाही. मार्च २०२० मध्ये आरएसआय ३० च्या खाली गेल्यावरही बाजार पडतच राहिला. तसंच जोरात चढणारा शेअर ७० च्या वर आठवडेच्या आठवडे राहतो, आणि 'महाग झाला' म्हणून लवकर विकणारे मागे राहतात. मी आरएसआय बघतो, पण त्यावर कधी खरेदी करत नाही.

---

बेदाणा_तासगाव | सोमवार, रात्री ८:५०

दादा, माझं जरा वेगळंच झालंय. बेदाण्याचे पैसे वर्षातनं एकदाच हातात येत्यात, ते थोडे शेअरमधी घालतो. गेल्या साली एका बारक्या कंपनीचा शेअर घेतला. रेघ तुमच्यासारखीच ओढलेली, स्टॉप लॉसबी (भाव अमक्याच्या खाली गेला की विकायची ऑर्डर) लावलेला. रेघ मोडली त्या दिवशी शेअर पाच टक्क्याच्या खालच्या सर्किटला (एका दिवसात पडायची हद्द) गेला. दुसऱ्या दिवशीबी उघडतानाच सर्किट. विकायला टाकलंय तर घेणारा कोण न्हाई. अकरा दिवस असं झालं. बाराव्या दिवशी सुटलो तवा जेमतेम निम्म्याच्या वर राहिलं हुतं. रेघ बरोबर हुती, मग चूक कुठं झाली?

---

इर्विनकाठ | सोमवार, रात्री १०:२०

भाऊ, वाईट वाटलं. तुमची रेघ चुकली नव्हती, आणि मीही मूळ लेखात हे लिहायला हवं होतं. स्टॉप लॉस ही नुसती ऑर्डर असते, समोर घेणारा असेल तरच पुरी होते. लहान शेअरना २, ५, १० किंवा २० टक्क्यांचं सर्किट असतं. खालच्या सर्किटला लाखो शेअर रांगेत असतात आणि तुमचा नंबर शेवटचा. म्हणून मी असा शेअर घेतच नाही ज्याची रोजची उलाढाल माझ्या सौद्याच्या निदान पाचशे पट नाही. ज्या शेअरांत वायदे चालतात त्यांना ठरावीक सर्किट नसतं, तिथं घेणारा सापडतो, भाव कुठलाही असो.

मोठ्या शेअरांतही उडी पडतेच. ३ जून २०२४ ला निफ्टी २३,२६३ ला बंद झाला, दुसऱ्या दिवशी निवडणुकीचे निकाल, आणि २१,८८४ ला बंद, एका दिवसात जवळपास ६ टक्के. घोटाळा उघड झालेल्या सत्यम कंपनीच्या शेअरचं ७ जानेवारी २००९ ला काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल, एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त गेलं. आदल्या दिवशीच्या चार्टवर कुठल्याच रेघेला ते माहीत नव्हतं. त्यामुळे १ टक्क्याचं गणित हे नेहमीच्या दिवसांचं आहे. वाईट दिवसासाठी वेगळी मर्यादा हवी, एका शेअरमध्ये एकूण भांडवलाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नाही. या हिशेबानं माझ्या लेखातल्या उदाहरणातही २७७ नव्हे, २४२ च शेअर बसतात. आणि स्टॉप लॉस लिमिटचा (ठरलेल्या भावाखाली न विकणारा) असेल तर भाव त्याच्या खाली उघडला की तो तसाच पडून राहतो. हे ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये नीट वाचून घ्या.

---

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी १०:४०

कराचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. डिलिव्हरीवर खरेदी आणि विक्री दोन्ही वेळा ०.१ टक्का एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर). बारा महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के (२३ जुलै २०२४ पासून, आधी १५ होता). बारा महिन्यांनंतर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. इंट्राडे म्हणजे सट्ट्याचं व्यवसाय-उत्पन्न, त्याचा तोटा तशाच सट्ट्याच्या नफ्यातून वजा होतो, दुसऱ्या नफ्यातून नाही. रेघ मोडली म्हणून अकराव्या महिन्यात विकताना हा फरक डोळ्यासमोर असावा, पण कर वाचवायला म्हणून मोडलेला शेअर धरून बसू नये. माझ्याकडे दर मार्चला अशी दोन-तीन माणसं येतात.

---

बेदाणा_तासगाव | बुधवार, रात्री ९:१५

दादा, आता दुसरा एक हाय. मोठी कंपनी, नाव लिहीत न्हाई. २४० ला ६०० घेतलेत, आज २८४. आठवड्याच्या चार्टवर शेवटचे दोन खड्डे जोडले तर रेघ २७९ ला येती. ह्या शुक्रवारी मोडली तर विकू का?

---

इर्विनकाठ | बुधवार, रात्री १०:३०

ते दोन खड्डे किती आठवड्यांच्या अंतरानं आहेत? आणि त्याच्या आधीचे तीन कुठं आहेत ते लिहा. विकायचं का ते मी सांगणार नाही, रेघ मात्र बघू.

---

बेदाणा_तासगाव | गुरुवार, सकाळी ६:२०

शेवटचे दोन तीन आठवड्याच्या अंतरानं. आधीचे २१०, २२८, २४७, आठ-आठ आठवड्यानं. बागंत जायच्या आधी कागदावर काढून बघितलं, हे तीन एका रेघंत बसत्यात बघा. ती रेघ आता २६५ च्या आसपास येती.

---

इर्विनकाठ | गुरुवार, सकाळी ७:०५

मग कागदच बोलतोय. तीन आठवड्यांतल्या दोन खड्ड्यांची रेघ फार उभी आहे. उभी रेघ टिकायला भावाला रोज पळावं लागतं, नुसता एक आठवडा विसावला तरी ती मोडते आणि कल तसाच चढता राहतो. सोळा आठवड्यांत तीन टेकणं असलेली रेघ मी धरीन. ती २६५ ला, चुकलो असं मानायची जागा थोडी खाली, २६३. आजच्या भावापासून २१ रुपये.

आता तुमचं गणित तुम्हीच करा. शेअरसाठी एकूण किती ठेवलेत आणि त्याचा १ टक्का किती?

---

बेदाणा_तासगाव | गुरुवार, दुपारी २:३०

३ लाख. १ टक्का ३,०००. भागिले २१, म्हणजे १४२. माझ्याकडं ६०० हायत. म्हणजे रेघ मोडली तर साडेबारा हजार जाणार, आणि एकाच शेअरमधी निम्म्याच्या वर पैसा अडकलाय. हे मी आजवर कधी मांडूनच बघितलं न्हवतं. ४५० विकले, २८२ मिळाले. १५० ठेवलेत. रेघेवर तारीख टाकून कागद देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलाय, म्हंजे सरकवायला हात धजणार न्हाई.

---

संख्यारेखा | गुरुवार, दुपारी ३:०५

देव्हाऱ्याची फळी. माझ्या वर्गाला हेही सांगणार.

---

बेदाणा_तासगाव | चार आठवड्यांनी, रविवार, सायं. ७:१०

पुढं काय झालं ते कळवतो. मधी रेघ वर सरकत २७२ ला आली, स्टॉपबी तसाच २७० ला नेला. गेल्या शुक्रवारी २६८ ला बंद झाला. सोमवारी सकाळी १५० विकले, २६७ मिळाले. आणि ह्या शुक्रवारी शेअर २८१ ला बंद झाला. बायको म्हणती, थांबला असता तर. परत घ्यायचा का, दादा?

---

इर्विनकाठ | रविवार, रात्री ८:००

असं होतं, माझ्या ८७ मधले निम्मे तरी असेच आहेत. वहिनींना सांगा, २६८ ला बंद झाला त्या रात्री २८१ येणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि तीच रात्र कधी तरी २३० चीही असते. तुम्ही २४० ला घेऊन २६७ ला बाहेर पडलात.

परत घ्यायचा असेल तर ती नवी खरेदी. जुनी रेघ संपली. मोडलेल्या रेघेची खालची बाजू आता वरची अडवण होते का ते दोन-तीन आठवडे बघा. तिथून उलटा फिरला तर विषय संपला. वर जाऊन नवा खड्डा २६७ च्या वरच बनला, तर त्यातून आणि आधीच्या खड्ड्यातून नवी रेघ निघेल. तिला तिसरं टेकण मिळालं की तिच्यापासून भावाचं अंतर मोजा, मग किती शेअर ते ठरवा. घाईचं कारण नाही.

---

बेदाणा_तासगाव | रविवार, रात्री ८:२५

बरं. उद्या तासगावात सौदा हाय, चार टन घेऊन जायलोय. नवा खड्डा झाला की कागद काढून हितंच टाकतो.